पुस्तकासाठी थांबवलेल्या हातोड्या

आमच्या पुस्तकात पानोपानी एक बोका आहे. बघणाऱ्यांना वाटतं, ही चित्रकाराची कल्पकता. खरं म्हणजे तो माझ्या अडचणीतून जन्माला आला. पुस्तकातल्या पहिल्याच कवितेत ‘ठोक्यामागे ठोका, ठोक्यामागे ठोका’ एवढं लिहून मी अडलो तो अडलोच. शेवटी ‘गुंडाच्या पोटात झोपला बोका’ असं लिहून सुटका करून घेतली. गुंड म्हणजे आमच्याकडचं पाण्याचं मोठं पितळी भांडं. बाहेरून हातोडी पडत असताना त्याच्या पोटात बोकाच काय, दगडसुद्धा झोपणार नाही. पण दुसरं काही जुळेना.

पेंटरनं, म्हणजे आमच्या चित्रकारानं, कागद वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“बोका कोठून आला बे?”

“यमकातून,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्यानं चित्र आणून दाखवलं. गुंडाच्या तोंडातून एक बोका अर्धा बाहेर आलेला, दोन्ही पंजे कानांवर. त्यानंतर त्यानं प्रत्येक पानात तो कुठं ना कुठं लपवला. पोरं कविता वाचत नाहीत, बोका शोधतात. माझ्या साहित्यसेवेचं एवढं एकच फळ आजवर कोणाच्या नजरेत भरलं आहे.

भंडाऱ्यातली आमची गल्ली पितळेची भांडी घडवणाऱ्यांची. पूर्वी दारोदार भट्टी होती, आता चार-पाच घरांतच काम चालतं. बाकीच्यांची मुलं मोबाईलच्या दुकानात, हायवेवरच्या ढाब्यांवर, नागपूरला कुठं कुठं. आमचं घर कारागिराचं नव्हतंच. वडिलांचं गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान होतं. मला गूळ तोलायला बसवलं की मी गिऱ्हाइकाशी गप्पा मारत गूळ खायचो, म्हणून वडिलांनी मला मास्तर केलं. शहापूरच्या शाळेत शिकवतो आणि उरलेल्या वेळात कविता करतो. गल्लीत यातल्या पहिल्या कामाला थोडाफार मान आहे.

पेंटर माझा लहानपणापासूनचा मित्र. त्याच्या बापानं जन्मभर हातोडीनं ठोकून गुंड मठारले, पण हा ऐरणीवर बसलाच नाही. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, निवडणुकीच्या भिंती, एप्रिलमधल्या मिरवणुकीचे निळे फलक, मंडईच्या जत्रेतल्या नाटकाचे पडदे, जे मिळेल ते रंगवायचा. त्याची मायसुद्धा त्याला पेंटरच म्हणायची. पुढं फ्लेक्स आले आणि हात रिकामे झाले, तेव्हा एका संध्याकाळी नदीवरच्या कारध्याच्या पुलावर उभं राहून त्यानं मला विचारलं, की तू शाळेत पोट्ट्यांना डोंगरांची, समुद्रांची, हत्तींची चित्रांची पुस्तकं वाचून दाखवतोस, तर आपल्या गल्लीचं पुस्तक काहून नाही. मी म्हणालो, कोणी लिहिलं नाही म्हणून. तो म्हणाला, तू तं रिकामाच असतो.

अशी सुरुवात झाली. माझा पहिला प्रयत्न ‘हे ताम्रवर्णी प्रभाते’ असा होता. पेंटर म्हणाला, ताम्र म्हणजे तांबं, आपण पितळवाले. मी म्हणालो, कवितेत चालतं. तो म्हणाला, मंग तांब्याचीच गल्ली पाह्य आणि तिकडंच राह्य. मी निमूटपणे बोक्यावर आलो. हळूहळू पानं जमत गेली. भट्टीचं पान, कल्हईचं पान, तान्हा पोळ्याला लाकडी बैल ओढत दारोदार बोजारा, म्हणजे सणाचे पैसे, मागत फिरणाऱ्या पोरांचं पान, लग्नाच्या भांड्यांवर नावं टाकणाऱ्याचं पान. नाव टाकणाऱ्याच्या चित्रात बोका चुकून एका नवरीच्या नावावर बसला आहे आणि नाव अर्धं झाकलं गेलं आहे.

एका पानावरून मात्र आमचं भांडण झालं.

आमच्या गल्लीत एक रीत आहे. कोणी गेलं, की हातोड्या थांबतात. कोणाचंही घर असो, कोणत्याही जातीधर्माचं, भाडेकरू का असेना. ज्याला आधी कळतं तो हातातली हातोडी खाली ठेवतो, ते ऐकून शेजारचा ठेवतो, आणि बघता बघता गल्ली मुकी होते. दारोदार सांगत फिरावं लागत नाही. घरातल्या बायका हातातलं काम सोडून बाहेर येतात आणि एकमेकींना एवढंच विचारतात, कोण. तिरडी गल्लीच्या तोंडाबाहेर पडली, की सगळ्यांत जुन्या घरातून पहिला ठोका पडतो आणि मग बाकीचे सुरू होतात. रोजचा चहा, जेवण आणि रात्र सोडली, तर याखेरीज दुसऱ्या कशासाठीही हातोड्या थांबत नाहीत. मंत्री येऊन गेले, बारावीची परीक्षा आली, वरात दारात उभी राहिली, तरी ठोके चालूच.

पेंटरला या थांबण्याचं पान हवं होतं. मी म्हणालो, हे लेकरांचं पुस्तक आहे, लेकरं घाबरतील.

“पोट्ट्यायले समदं माहीत हाये,” तो म्हणाला. “तुलेच भेव वाटते.”

शेवटी मी लिहिलं.

आज हातोड्या निजल्या सगळ्या,
आज गल्लीला येतं ऐकू
कुणाच्या दारी नळ गळतो,
कुणाच्या घरी पाळणा हलतो.

त्यानं चित्रात नुसत्या हातोड्या काढल्या, जमिनीवर आडव्या पडलेल्या, आणि वर भरपूर जागा मोकळी सोडली. त्या एकाच पानात बोका नाही. मी विचारलं तर म्हणाला, जमला नाही.

पुस्तक छापायला गेलं आणि पेंटर आजारी पडला. आधी खोकला, मग धाप, मग नागपूरला भरती. फुफ्फुसांचं काहीतरी होतं. डॉक्टर जे सांगत ते त्याच्या बायकोला कळत नसे. ती मला फोनवर सांगे, तेव्हा मलाही कळत नसे, पण मी ‘हो हो, बरोबर’ असं म्हणून तिला धीर देत असे. ती तिकडं त्याच्या उशाशी, आणि गल्लीत घरी त्याची म्हातारी माय एकटी. तिला मी काकी म्हणतो. काकींचे गुडघे गेलेले. नागपूरला न्यायचं म्हटलं तर म्हणायच्या, तो येतेच आहे नं, मी जाऊन काय करू. रोज शाळेतून येताना मी त्यांच्या दारात थांबायचो. त्या रोज विचारायच्या, काय म्हनला, आणि मी रोज सांगायचो, बरा आहे. एवढं एक वाक्य मी त्या दिवसांत इतक्या तऱ्हांनी म्हणून दाखवलं, की नाटक कंपनीत भरती व्हायला हरकत नव्हती.

प्रकाशन पुढं ढकलू या, असं मी पेंटरला सुचवलं. तो फोनवर म्हणाला, अजिबात नको, ठरलं तसं कर, आणि कर तं गल्लीतच कर, मारोतीच्या ओट्यावर. आणखी एक गोष्ट त्यानं बजावून सांगितली, की लगनसराईचे दिवस आहेत, कारागिरांचं काम तुंबलेलं असणार, त्यांना काम बंद करून येऊन बसा असं म्हणू नको. ठोक्यांच्या आवाजातच होऊ दे, पुस्तक त्यांचंच आहे, आणि फोनवरून मलाही तो आवाज ऐकव. मी म्हणालो, हो. हो म्हणण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

त्या दिवशी मी नवा कुर्ता घातला होता. कॉलरच्या मागं दुकानाची चिठ्ठी तशीच लोंबत होती, हे मला दुसऱ्या दिवशी फोटो बघताना कळलं. नागपूरहून पाहुणे म्हणून एक निवृत्त प्राध्यापक आले होते, फार सज्जन, आवाज मुंगीएवढा. शाळेची पोरं सतरंजीवर, मागं खुर्च्यांवर मोठी माणसं, एका बाजूला आलुबोंड्यांचं टोपलं. काकींना आणायला माझी बायको जाणार होती. त्या सकाळपासून नवं लुगडं काढून बसल्या होत्या, असं तिनंच मला सांगितलं. त्यांचं घर गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला, वळणाच्या पलीकडं. तिथून देऊळ दिसत नाही.

पाहुणे उभे राहिले, माईकजवळ गेले आणि लाईन गेली. मग आम्हाला फक्त त्यांचे ओठ दिसत राहिले. चहूकडून ठण ठण ठण, आणि मधे एक माणूस मोठ्या आस्थेनं तोंड उघडतो आहे, मिटतो आहे. पोरं हसायला लागली. पाहुण्यांची मला दया आली, हे खरं. पण पाहुण्यांनंतर कवितावाचन होतं, आणि ते माझं होतं, हे जास्त खरं.

मी ओट्यावरून उतरलो आणि हात जोडत घरोघर गेलो. गल्लीतलं सगळ्यांत जुनं घर ज्यांचं, त्यांना सगळे मामा म्हणतात. मामांनी मला दारात बघून हातोडी हवेतच धरली.

“कोन गेलं?”

मी हसलो. “कोनी नाही, मामा. प्रकाशन हाये नं. थोडा वेळ बंद ठेवा म्हनून आलो.”

“प्रकाशनासाठी बंद?”

“पाहुने नागपूरचे हायेत.”

मामांनी हातोडी मांडीशेजारी ठेवली. मास्तरचा शब्द खाली कशाला पाडायचा, एवढंच त्यात होतं. तो ‘कोन गेलं’ ऐकून तरी माझं डोकं ठिकाणावर यायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात त्या वेळी माझा आवाज होता, आणि तो छान लागत होता.

एकेक घर थांबत गेलं. गल्ली शांत झाली. पाहुण्यांचं बोलणं आता नीट ऐकू येऊ लागलं, ते चांगलं बोलले असावेत. मी आपली पाळी आली की कोणती कविता वाचावी याचा विचार करत होतो. बोक्याची ठरली होती. पण एवढी शांतता फुकट हातात आली होती, आणि शांततेवर माझी एक कविता होती. मी तीच काढली.

‘आज हातोड्या निजल्या सगळ्या’ म्हणून मी थांबलो. असं थांबलं की परिणाम होतो, हे मी रेडिओवर ऐकलं होतं. आणि त्या थांबण्यात गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडून एका बाईचं रडणं आलं. मग दुसरीचं.

लिहायला लाज वाटते, पण पहिल्या क्षणी मला वाटलं, कविता भिडली.

मग खुर्च्या सरकल्या. माणसं उठून धावायला लागली. मीही पुस्तक हातात तसंच धरून धावलो, आणि धावता धावता माझ्या मनात एकच आलं, की पेंटर गेला. गल्ली थांबली आहे, बायका त्याच्या घराकडं रडत आहेत, म्हणजे पेंटर गेला. ही शांतता आपणच आणली आहे, हे मी धावताना साफ विसरलो होतो. थांबलेल्या हातोड्या ऐकल्या की आमच्या गल्लीतल्या माणसाचं दुसऱ्या कशाकडं मन जातच नाही.

काकी उंबऱ्यावर बसल्या होत्या. अंगावर नवं लुगडं, एका पायात चप्पल. भोवती शेजारणी रडत होत्या. माझी बायको त्यांचा दंड धरून काहीतरी सांगत होती, पण तिचं कोणी ऐकत नव्हतं. काकी स्वतः रडत नव्हत्या. त्यांनी मला बघितलं आणि विचारलं,

“बाबू, कवा गेला?”

“तुमाले कोनं सांगतलं?” मी विचारलं. मलाही तेच हवं होतं, कोणाला, कधी कळलं.

“सांगाले कायले लागते?” त्या म्हणाल्या. “हातोड्या थांबल्या.”

तेव्हा आपण काय करून ठेवलं आहे ते मला दिसलं. मी त्यांच्यापुढं खाली बसलो आणि सांगायला लागलो, की काकी, तसं काही नाही, मीच बंद करायला लावल्या, पाहुण्यांचं बोलणं ऐकू येईना म्हणून, लाईन गेली होती म्हणून. बोलता बोलता माझं मलाच ते इतकं खोटं वाटू लागलं, की मी गप्प झालो. प्रकाशनासाठी कोणी हातोड्या थांबवतं का.

“असंच सांगतेत,” काकी शेजारणीला म्हणाल्या.

मी फोन लावला. वाजत राहिला. पेंटरच्या बायकोनं उचलला नाही. परत लावला. सगळी गल्ली त्या दारात उभी होती, आलुबोंडा हातात घेतलेली पोरंसुद्धा. माझी बायको माझ्याकडं बघत होती. लग्नाला एवढी वर्षं झाली, तिनं माझ्याकडं तसं कधी बघितलं नव्हतं. पुन्हा लावला, आणि या वेळी स्वतः पेंटरनंच उचलला.

“झालं का बे?” तो म्हणाला. मागं ऑक्सिजनची सूं सूं ऐकू येत होती. “मले आवाज ऐकव म्हनलं होतं नं.”

मी फोन काकींच्या कानाला लावला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. बराच वेळ नुसत्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, जेवला का. तिकडून काहीतरी उत्तर आलं. काय जेवला. पुन्हा उत्तर. मीठ होतं का खिचडीत. एवढं झाल्यावर त्यांनी फोन मला परत दिला, लुगड्याचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “आता चालू कराले सांग.”

मी सांगायची गरज नव्हती. मामा गर्दीतून केव्हाच परत फिरले होते. वळणापलीकडून पहिला ठोका पडला.

पुढच्या रविवारी पुस्तकाची प्रत घेऊन मी नागपूरला गेलो. पितळेचा रंग छापून हिरवट आला होता. सगळी भांडी कल्हई नसलेल्या गंजात, म्हणजे पातेल्यात, कढी ठेवल्यासारखी दिसत होती. पेंटर ते बघून एवढा हसला, की नर्सनं मला बाहेर काढलं. परत आत सोडलं तेव्हा तो म्हणाला,

“जित्तेपनीच शोकसभा घेतली बे तू माही.”

“चुकून झालं.”

“कविता कोनती वाचली?”

मी सांगितलं. मग त्यानं पेन मागितलं, ते हातोड्यांचं पान उघडलं आणि मोकळ्या जागेत एक बोका काढला. पडल्या पडल्या काढला, म्हणून बोक्याच्या मिशा वाकड्या आल्या. बोका नुसता बसला आहे आणि त्याचे कान ताठ आहेत.

“माय आता अशीच बसत असन,” तो म्हणाला.

ते खरं होतं, फक्त मला तोवर माहीत नव्हतं. मला ते चहावाल्याकडून कळलं. गल्लीत पूर्वी अकरा वाजता चहावाला आला की सगळे कारागीर एकदमच हातोड्या ठेवत आणि ओट्यावर गोळा होत. त्या थोड्याशा वेळाची सवय सगळ्यांनाच होती, काकींनाही. पण प्रकाशनानंतर चहाची वेळ झाली, ठोके थांबले, की काकी दारात येऊन उभ्या राहायच्या. कोणाला काही विचारायच्या नाहीत. चौकटीला धरून उभ्या राहायच्या आणि ठोके सुरू झाले की आत जायच्या. कारागिरांनी हे दोन-तीनदा बघितलं. त्यानंतर कोणी कोणाशी न बोलता पाळ्या लागल्या. एका घरानं चहा घ्यायचा, तोवर दुसऱ्यानं ठोकायचं. दुपारच्या जेवणालाही तसंच. एकदा भट्टी पेटवायची म्हणून दोन घरं एकदम थांबली, तर मामांच्या घरातली सून भाकरी करता करता उठली आणि तव्यावरच्या उलथण्यानं एक रिकामा गुंड बडवत बसली.

“मास्तर,” चहावाला मला म्हणाला, “तुमच्या पुस्तकापायी मले चार चकरा माराव्या लागून राहिल्या.”

मी त्याला दोन प्रती दिल्या. त्यानं एक परत केली.

पेंटर त्यानंतर फार दिवस राहिला नाही. मी शाळेत होतो, तिसरीचा वर्ग चालू होता, तेव्हा त्याच्या बायकोचा फोन आला. ती रडून मोकळी झालेली होती. शांतपणे म्हणाली, भाऊजी, गाडी दुपारपर्यंत येईन, मायले तुमीच सांगा.

शहापूरहून भंडारा असं किती लांब. त्या दिवशी मला रस्ता संपूच नये असं वाटत होतं, आणि नेमका एकही ट्रक आडवा आला नाही. गल्लीत शिरलो तर ठोके चालू. मामांच्या दारात थांबलो. त्यांनी मला बघितलं, आणि या वेळी कोण गेलं हे विचारलं नाही. त्यांचा हात वर होता. तो खाली यावा की थांबावा, हे त्यांना कळेना.

“बंद केलं,” ते म्हणाले, “तं तिले असंच समजंन. एकटीच हाये घरी.” आणि त्यांनी ठोका मारला. “तू जाऊन सांग. तवर आमी चालू ठेवतो.”

ते शेजारच्या घरात जाऊन सांगून आले, शेजारचा त्याच्या शेजाऱ्याला. आमच्या गल्लीत पहिल्यांदाच कोणाचं जाणं कानात सांगितलं गेलं. हातोड्या चालूच होत्या, पण ठोक्यांचा ताल बिघडला होता, ते मलासुद्धा समजत होतं.

काकी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी पाणी दिलं. मी प्यालो. शब्द हा माझा धंदा आहे असं मी लोकांना सांगत आलो आहे. त्या दिवशी त्या धंद्याचं दिवाळं निघालं. मी त्यांना सांगितलं, की पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची आहे, तिच्यात पितळेचा रंग चांगला येईल. काकी बरं म्हणाल्या. मी सांगितलं, की शाळेत पोरांना बोका आवडतो. त्या बरं म्हणाल्या. मग त्यांनी सूप खाली ठेवलं.

“तू शाळा सोडून आला, बाबू?”

“हो.”

“काहून?”

त्यांनी मान जराशी दाराकडं वळवली. बाहेर ठण ठण चालू होतं.

“हातोड्या तं चालू हायेत,” त्या म्हणाल्या.

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

“चालू हायेत नं, बाबू. मंग?”

“काकी,” मी म्हणालो, “या वेळेस त्या तुमच्यासाठी चालू ठेवल्या.”

त्यांनी ते ऐकलं. समजायला वेळ लागला असं मी म्हणणार नाही. समजलं होतंच. त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला, आणखी एक शोधला, तो सापडला नाही. शेजारणी आत आल्या, माझी बायको आली. ती बहुतेक बाहेरच थांबली होती. रडणं सुरू झालं तेव्हा एक शेजारीण बाहेर जाऊन आता बंद करा असं सांगायला निघाली, कारण शेवटी रीत ती रीत. काकींनी तिचा पदर धरला.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. “मी ते एकदा ऐकलं. आता पुन्हा नोको.”

म्हणून पेंटर गल्लीत आला तो ठोक्यांच्या आवाजात. गाडी आत येत नाही, तोंडापासून त्याला उचलून आणावं लागलं. बाहेरगावचे पाहुणे चमकून बघत होते. एक जण मला म्हणाला, काय माणसं आहेत, दारात मयत आहे आणि यांचा धंदा चालू आहे. मी त्याला काहीतरी सांगायला गेलो आणि माझ्या तोंडून हुंदकाच बाहेर पडला, तेव्हा तो बिचारा मलाच पाणी आणायला धावला. तिरडी उचलली, गल्लीतून नेली, आम्ही नदीवर गेलो. पुलाच्या अलीकडच्या घाटावर सगळं झालं. परत येऊन अंघोळ केली आणि गल्लीत आलो, तरी आवाज येतच होता.

इथं एक घोळ झाला होता. नेहमी तिरडी बाहेर पडली की हातोड्या सुरू होतात. पण ज्या थांबल्याच नाहीत, त्या कधी थांबवायच्या, याची रीत कोणाला ठाऊक नव्हती. तशी वेळच पूर्वी आली नव्हती. कारागिरांनी सकाळपासून हात उचलले होते ते उचललेलेच होते. नवी भांडी संपली होती, आता ते झालेल्याच भांड्यांवर ठोकत होते. मामांच्या मांडीत एक गुंड होता. ठोकून ठोकून त्याचा पत्रा इतका पातळ झाला होता, की तो आता कोणी विकत घेणार नव्हतं. उन्हं कलली होती. जे कारागीर नव्हते तेही मधूनमधून येऊन हातोडी घेत आणि थोड्या वेळानं परत देत. मीही घेतली. दोन ठोके मारल्यावर मामांनी ती माझ्या हातून काढून घेतली.

“जाऊन विचार,” ते म्हणाले. “पुरे का म्हना.”

“मी?”

“मंग कोन. त्या दिवशी बंद कराले तूच आला होता.”

मी गेलो. काकींच्या घरात दिवा लागला नव्हता. सुपातले तांदूळ तसेच होते. काकी जमिनीवर कुशीवर पडल्या होत्या, हाताची उशी करून, तोंड दाराकडं. पेंटरची बायको भिंतीला टेकून बसली होती. मला बघून तिनं ओठावर बोट ठेवलं. मी जवळ जाऊन बघितलं. काकींचा श्वास सावकाश चालला होता. पेंटर नागपूरला गेल्यापासून त्या रात्री जाग्याच असतात, असं शेजारीण मला कितीदा तरी म्हणाली होती.

मी आलो तसाच मागं फिरलो. मामा वाट बघत होते, बाकीचे आपापल्या दारांतून बघत होते.

“झोपल्या,” मी म्हणालो.

मामांनी मान हलवली. उजवा खांदा एकदा चोळला आणि हातोडी डाव्या हातात घेतली.